दान, वर्गणी आणि हक्क : औषधोपचाराच्या साहाय्याचा इतिहास

यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक लिहून द्यावे, अशी आज्ञा संघाच्या चिटणीसांनी केली, तेव्हा ज्ञातीचे मूळस्थान, कुलदैवते अथवा गोत्रावळी यांपैकी एखादा विषय आम्ही निवडू, अशीच त्यांची समजूत असावी. परंतु त्या विषयांवर मागील अंकांतून अधिकारी लेखकांनी पुष्कळ लिहिले आहे. आम्ही पडलो जुन्या अकरावीचे मॅट्रिक. सारे आयुष्य प्राथमिक शाळेत मुलांना बाराखडी आणि पाढे शिकविण्यात गेले. शिलालेख वाचण्याची विद्या आमच्यापाशी नाही. म्हणून ज्या एका प्रश्नाने आपल्यांतील कितीतरी घरांची झोप उडविली आहे, त्याचाच इतिहास थोडक्यात सांगावा, असे आम्ही ठरविले. तो प्रश्न असा : घरात मोठे दुखणे आले आणि इस्पितळाचे बिल आवाक्याबाहेर गेले, म्हणजे सामान्य कुटुंबाने मदतीसाठी कोणाकडे पाहावे?

या लेखाच्या निमित्ताने संघाची जुनी इतिवृत्ताची वही आम्ही चाळली. पाने पिवळी पडली आहेत. परंतु अक्षर सुवाच्य आहे. अमक्याच्या मुलास शाळेच्या फीसाठी इतके रुपये दिले, तमक्याकडून लग्नाच्या भांड्यांचे भाडे आले, अशा नोंदी नावनिशीवार आहेत. मधेच एक नोंद आढळते : “एका ज्ञातिबंधूस कुटुंबाच्या दुखण्यानिमित्त रुपये चाळीस हातउसने दिले.” नाव नाही. प्रथम आम्हांस वाटले, लिहिणाराची नजरचूक असेल. परंतु पुढे पाहतो तो दुखण्याच्या प्रत्येक नोंदीत तोच प्रकार. फीचे नाव लिहिले आहे, भांड्यांचे लिहिले आहे. दुखण्याचे तेवढे गाळले आहे. त्या काळच्या चिटणीसांनी हे जाणूनबुजून केले, यात संशय नाही. घेणाराची अब्रू राखावी, हा त्यांचा हेतू. साहाय्य आणि संकोच ही दोन्ही त्या वहीत एकाच ओळीत नांदत आहेत. आणि आम्ही जो इतिहास सांगणार आहोत, त्यातही ती अखेरपर्यंत बरोबरच चालतात.

इस्पितळे येण्यापूर्वी गावातील दुखणे गावातच निभावत असे. वैद्यबुवांस सुगीला धान्य पोचले म्हणजे वर्षाचा हिशेब मिटे. औषधाला पैसा थोडा लागे, तसा गुणही बेताचाच येई. प्रसंग मोठाच आला, तर अंगावरचे सोने आणि सावकाराचे दार या दोन वाटा ठरलेल्या होत्या. शस्त्रक्रिया, भूल, रात्रंदिवस शुश्रूषा या गोष्टी जेव्हा आल्या, तेव्हा रोग बरे होऊ लागले आणि त्याबरोबर खर्चही आला.

आपल्या प्रांतात या खर्चाचा भार प्रथम उचलला तो दानशूर धनिकांनी. मुंबईचे सर जमशेटजी जीजीभाई यांनी लाखावर रुपये देऊ केले, कंपनी सरकारने आपला वाटा घातला, आणि १८४५ साली भायखळ्याचे जे. जे. इस्पितळ रुग्णांसाठी उघडले. त्याच वर्षी त्याच्या शेजारी ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. त्या कॉलेजाच्या पहिल्या तुकडीतून १८५१ साली बाहेर पडलेले डॉ. भाऊ दाजी लाड यांनी गोरगरिबांस मोफत औषध देण्याचे व्रत चालविले, हे प्रसिद्धच आहे. पुण्यास डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ साली ससून रुग्णालय उभे राहिले. मिरजेस डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिशनचे इस्पितळ काढले आणि दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटकातून तेथे रुग्णांची रीघ लागली. पुढे १९२६ साली परळास के. ई. एम. रुग्णालय आणि शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या नावाचे मेडिकल कॉलेज निघाले. १९४१ साली टाटांच्या विश्वस्त निधीतून कर्करोगाचे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या, त्या दुःखातून हे रुग्णालय निर्माण झाले. आजही तेथे बहुसंख्य रुग्णांवर नाममात्र खर्चात किंवा मोफत उपचार होतात.

ज्ञातीच्या स्मरणिकेत आम्ही हे मुद्दाम लिहीत आहो. जमशेटजी पारशी, ससून यहुदी, वानलेस ख्रिस्ती. आपल्या आजे-पणज्यांपैकी ज्यांचे प्राण या इस्पितळांत वाचले, त्यांना जात विचारून खाट देण्यात आली नव्हती. आपण ज्ञातीपुरता निधी जमवितो यात गैर काही नाही. परंतु आपण स्वतः घेतलेले ऋण ज्ञातीच्या वेशीबाहेरचे आहे, याचे विस्मरण होऊ नये.

ज्ञातीने स्वतः इस्पितळ काढावे, असाही एक प्रसंग इतिहासात आला होता. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. सरकारी सक्तीची, झडतीची आणि वेगळे ठेवण्याची लोकांना एवढी दहशत बसली की, रुग्णास घरात लपवून ठेवण्याकडे कल झाला. त्या वर्षाच्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्लाही केला. तेव्हा आपापल्या लोकांचा विश्वास बसावा म्हणून पारशी, जैन, खोजा इत्यादी समाजांनी १८९७ च्या सुमारास स्वतंत्र प्लेग-इस्पितळे उभारली आणि सरकारने ती मान्य केली. आपला मनुष्य दाराशी उभा आहे म्हटल्यावर जे लोक रुग्णास माळ्यावर दडवीत होते, ते त्यास घेऊन येऊ लागले. साथ ओसरली, तशी यांतील बहुतेक इस्पितळेही गेली. परंतु त्यांनी शिकविलेला धडा राहिला. उपचार जवळ असून भागत नाही. तेथवर नेणारा ओळखीचा हात लागतो.

दानाच्या पाठोपाठ दुसरा काळ येतो तो वर्गणीचा. दान मोठे असले तरी ते दात्याच्या इच्छेवर अवलंबून. शिवाय चार पैसे मिळविणाऱ्या कारकुनास, दुकानदारास किंवा मास्तरास धर्मार्थ खाटेवर पडावयास लाज वाटे, आणि स्वतःच्या बळावर बिल देण्याची ऐपत नसे. या मधल्या लोकांसाठी सहकाराची कल्पना फार उपयोगी पडली. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. १९०६ साली मुंबईत श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनी आपले गुरू शामराव विठ्ठल कायकिणी यांच्या नावाने सहकारी पतपेढी काढली. १९१८ च्या सप्टेंबरात सारस्वत मंडळींनी आपली सहकारी बँकिंग सोसायटी स्थापिली. तिचे उद्देश पाहण्यासारखे आहेत. घरातील अवलंबितांची लग्ने, डोक्यावरील कर्जाची फेड आणि औषधोपचाराचा खर्च, अशा अडचणींत सभासदांस लहान रकमा उपलब्ध करून देणे, एवढ्यासाठीच ती निघाली होती. त्याच सुमारास इन्फ्लुएंझाच्या साथीने मुंबई हवालदिल झाली होती. त्या एका साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली, हे ध्यानी घेतले म्हणजे उद्देशांत औषधोपचाराचा खर्च येणे किती स्वाभाविक होते, ते पटते. हीच सोसायटी १९३३ साली पूर्ण बँक झाली, आणि आज सारस्वत बँक म्हणून तिची गणना देशातील मोठ्या सहकारी बँकांत होते.

वर्गणीच्या या पद्धतीत घेणारास मान खाली घालावी लागत नाही. आज मी घेतो, उद्या मी देईन, हा त्यातील करार. आपल्या संघाचा निधीही याच विचारातून जन्मला. परंतु तिची मर्यादाही उघड आहे. शंभर घरांच्या वर्गणीतून चाळीस रुपये देता आले, चार हजारही देता येतील. हृदयाच्या शस्त्रक्रियेचे बिल देता येत नाही. एका ज्ञातीची झोळी ती केवढी असणार!

झोळी मोठी करावयाची, तर साऱ्या देशाने वर्गणी भरली पाहिजे. युरोपात असेच घडले. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ साली कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा केला. वेल्समधील ट्रेडेगर गावी खाणकामगार आपल्या मजुरीतून थोडेथोडे कापून देत व त्यावर त्यांची वैद्यकीय मदत-सोसायटी चाले. त्याच गावचा खाणकामगाराचा मुलगा आन्युरिन बेव्हन पुढे ब्रिटनचा आरोग्यमंत्री झाला, आणि ५ जुलै १९४८ रोजी त्याने साऱ्या राष्ट्रासाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली. गावच्या वर्गणीचा असा राष्ट्राचा हक्क झाला.

आपल्याकडे प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना सरकारास सादर केली. तिच्या पायावर १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे त्याचा अंमल सुरू झाला. १ जुलै २०१९ पासून या योजनेत कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के घेतले जातात, व त्यावर कामगारासह त्याच्या कुटुंबास उपचार मिळतात. हा तिसरा काळ, हक्काचा. परंतु ज्याचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर आहे, त्याचाच हा हक्क. शेतकरी, सुतार, शिंपी, गिरणीवाला, किराणा दुकानदार यांचे नाव कोणत्या पटावर असणार? आपल्या ज्ञातीतील निम्म्याहून अधिक घरे अशीच आहेत.

अशा घरांसाठी महाराष्ट्रात जो कायदा झाला, तो फार थोड्यांस ठाऊक आहे. म्हणून तो जरा विस्ताराने सांगतो. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० सालचा. त्यात १९८५ साली ‘४१ कक’ हे कलम घालण्यात आले. विश्वस्त संस्थांच्या मोठ्या रुग्णालयांना सरकारकडून जमीन, करमाफी वा अन्य सवलती मिळतात. तेव्हा त्यांनी काही खाटा गरिबांसाठी राखल्याच पाहिजेत, हे त्या कलमाचे मर्म. कलम झाले, पण अंमल ढिला राहिला. अखेर जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २००६ रोजी आदेश देऊन एक योजनाच घालून दिली. त्याप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांनी शेकडा दहा खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि शेकडा दहा खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने ठेवावयाच्या. त्याचा खर्च भागावा म्हणून पैसे देणाऱ्या रुग्णांच्या एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी काढावयाची. तातडीच्या रुग्णास अनामत रकमेसाठी अडवून न ठेवता आधी दाखल करून घ्यावयाचे. यावर देखरेख धर्मादाय आयुक्तांची. उत्पन्नाची मर्यादा प्रारंभी निर्धनांस वर्षाला पंचवीस हजार आणि दुर्बल घटकांस पन्नास हजार रुपये होती. पुढे ती वेळोवेळी वाढविण्यात येऊन अनुक्रमे १,८०,००० आणि ३,६०,००० रुपये झाली.

आता आमच्या घरची गोष्ट सांगणे भाग आहे. सांगताना आम्हांस आनंद होत नाही.

२००८ साली आमच्या धाकट्या बंधूच्या छातीत कळ आली. तालुक्याच्या गावी त्याची पिठाची गिरणी. तेथील डॉक्टरांनी शहरात न्यावयास सांगितले, आणि शहरातील एका नामांकित विश्वस्त रुग्णालयात त्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. बिल एक लाख ऐंशी हजार रुपये. आम्ही नोकरीत होतो; परंतु भावाच्या उपचाराचा खर्च शिक्षकास सरकारकडून मिळत नाही. संघाच्या निधीकडे अर्ज करावा, असे आम्ही सुचविले, तेव्हा खाटेवरूनच तो म्हणाला, “दादा, काय वाटेल ते कर, पण संघात बोलू नकोस. उद्या पोरीचं लग्न जमवायचंय. घर बुडालं म्हणतील लोक.” आम्हीही गप्प राहिलो. सौभाग्यवतीने पाटल्या काढून दिल्या. वडिलार्जित वीस गुंठे जमीन घाईघाईने, येईल त्या भावाने विकली. बिल भरले, आणि कोणासही न सांगता आम्ही त्यास घरी आणले.

चार महिन्यांनी आमच्या शाळेतील एका मुलाचे वडील भेटले. ते धर्मादाय कार्यालयात नोकरीस होते. सहज बोलता बोलता शस्त्रक्रियेची हकीकत निघाली. ते म्हणाले, “गुरुजी, उत्पन्नाचा दाखला दिला नव्हता का तुम्ही? ते धर्मादाय रुग्णालय. तुमच्या भावाला तिथे मोफत खाट मिळाली असती.” आम्ही अवाक् झालो. कारण तहसीलदारांचा दाखला घरात होता. पुतणीच्या शिष्यवृत्तीसाठी त्याच वर्षी काढलेला. त्यावर वार्षिक उत्पन्न बावीस हजार लिहिलेले. शस्त्रक्रिया चालू असता तो कागद घरच्या ट्रंकेत घडी घालून पडला होता. आता काही होईल का, असे आम्ही विचारले. त्यांनी मान हलविली. बिल भरून रुग्ण घरी गेला, म्हणजे मागून कोणी काही देत नाही.

त्या रुग्णालयात बिलाच्या खिडकीवर आम्हांस कोणी चकार शब्दाने हे सांगितले नाही, हे खरे. सांगावयास हवे होते, हेही खरे. परंतु आम्हीही कोणास विचारले नाही. विद्यार्थ्यांस जन्मभर ‘न समजल्यास विचारा’ असे सांगणाऱ्या मास्तराने स्वतःच्या भावासाठी एक प्रश्न विचारला नाही. आणि संघात बोललो असतो, तर शंभर घरांत माहितगार एकही मनुष्य निघाला नसता काय? बंधू सुखरूप आहे, गिरणी चालू आहे. ज्या गृहस्थाने ती जमीन घेतली, त्यांच्याच शेतातील ज्वारी तो आज दळून देतो.

त्यानंतर हक्काचे क्षेत्र पुष्कळ वाढले आहे. महाराष्ट्र सरकारने २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली व २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर नेली. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्र सरकारची आयुष्मान भारत योजना निघाली. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने फुले योजनेचे संरक्षण दर कुटुंबास दरसाल पाच लाख रुपयांपर्यंत वाढविले आणि ती राज्यातील सर्व कुटुंबांस खुली केली. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील वृद्धांस, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड मिळू लागले. याखेरीज पंतप्रधान राष्ट्रीय साहाय्य निधी आहे. १९४८ च्या जानेवारीत निर्वासितांसाठी निघालेला हा निधी पुढे हृदयाची शस्त्रक्रिया, मूत्रपिंडाचे रोपण व कर्करोग यांसाठीही अंशतः मदत देऊ लागला. मुख्यमंत्री साहाय्यता निधीतूनही अशी मदत मिळते.

या साऱ्या वाटा निरनिराळ्या असल्या, तरी त्यांचा एक नियम समान आहे : मागणे आधी करावे लागते. मदत रुग्णालयाकडे जाते. आपण भरलेले बिल मागाहून कोणी परत करीत नाही. म्हणून दाखल होण्याच्या दिवशीच, किंबहुना त्यापूर्वी, दोन प्रश्न विचारावे. हे रुग्णालय फुले योजनेत आहे काय? आणि ते धर्मादाय आहे काय? पहिल्याचे उत्तर होय आले, तर तेथील आरोग्यमित्रास भेटावे. दुसऱ्याचे होय आले, तर तेथील समाजसेवकास भेटून निर्धन रुग्ण निधीतून उपचार मागावे, आणि नकार मिळाल्यास धर्मादाय कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी. सरकारी व महापालिकेच्या रुग्णालयांतही समाजसेवा अधीक्षक असतात. त्यांच्याशी बोलावयास संकोच करू नये. शिधापत्रिका, आधार कार्ड, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला खर्चाचा अंदाज, एवढे कागद एका पिशवीत घालून घरातील सर्वांस ठाऊक असेल अशा जागी ठेवावे. दाखल्याची मुदत संपते, तेव्हा तो दरसाल नवा करावा. लग्नाचा बस्ता बांधताना आपण जितकी चौकशी करतो, तिच्या चौथाई जरी येथे केली, तरी कित्येकांच्या जमिनी वाचतील.

संघासही आमची एक विनंती आहे. आपला निधी मोठी बिले फेडू शकणार नाही, हे मान्य करावे, आणि योजनेत जे बसत नाही त्यासाठी तो राखावा. रुग्णासोबत आलेल्या माणसांचे जेवणखाण, प्रवास, बाहेरून आणावी लागणारी औषधे, बुडालेला रोजगार, अशा खर्चांनीही घर वाकते. त्याबरोबर प्रत्येक विभागात एक माहितगार गृहस्थ किंवा भगिनी नेमावी, जी बोलावताच रुग्णालयात जाईल आणि अर्ज लिहून देईल. यासाठी पैसा फारसा लागत नाही. निवृत्त झालेल्या आमच्यासारख्यांच्या हाती वेळ पुष्कळ आहे. हे काम करावयास आम्ही स्वतः तयार आहो, आणि हे केवळ लेखाच्या शोभेसाठी लिहिलेले नाही.

शेवटी त्या जुन्या वहीकडे पुन्हा येतो. आपल्या वडीलधाऱ्यांनी घेणाराचे नाव लिहिले नाही, ते योग्यच केले. आजही ते छापू नये. परंतु त्या निनावी ज्ञातिबंधूने निदान चिटणीसांपाशी जाऊन तोंड उघडले होते. आमच्या घराने तेवढेही केले नाही, आणि त्याची किंमत वीस गुंठे पडली. जमशेटजींच्या काळी मदत मागणे ही याचना होती. आज ती बव्हंशी हक्काची मागणी आहे. हा फरक एका घराने जरी ध्यानात घेतला आणि वेळेवर एक प्रश्न विचारला, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.